घरातली रेंज आणि खिशातला पॅक



आपल्या घरांतून अलीकडे एक देखावा नेहमीचाच झाला आहे. फोन वाजतो, गृहस्थ ‘हॅलो, हॅलो’ करीत आतल्या खोलीतून ओसरीवर आणि ओसरीवरून अंगणात येतात, आणि तिथे मान एका बाजूला कलती ठेवून बोलतात. पाहणाऱ्याला गंमत वाटते. पण त्याच घराच्या मागच्या खोलीत आजी एकटी निजत असेल, रात्री तिच्या छातीत कळ आली आणि फोनला रेंज नसली, तर ती गंमत राहत नाही.

ह्या दुखण्यावर आपण बहुधा पहिला उपाय करतो तो अधिक दामाचा पॅक घेण्याचा. इथेच ग्यानबाची मेख आहे. पॅक म्हणजे एस.टी.चे तिकीट आणि रेंज म्हणजे गावापर्यंतचा रस्ता. तिकीट महागाचे काढले म्हणून रस्ता रुंद होत नाही. तेव्हा आधी रस्ता पाहू, मग तिकीट.

टॉवरपासून फोनपर्यंत येतात त्या बिनतारी लहरी. अशा लहरी भिंतीपलीकडे जातात हे जगदीशचंद्र बोस यांनी गेल्याच्या मागल्या शतकाच्या शेवटच्या दशकात कलकत्त्याला, पलीकडच्या खोलीतली घंटा वाजवून दाखवून दिले होते. पण जातात म्हणजे सगळ्या जातात असे नव्हे. मोबाइलसाठी वापरतात त्यांपैकी ९०० मेगाहर्ट्झची लहर सुमारे ३३ सेंटिमीटर लांब, १८०० ची सुमारे १७, तर ५जी साठी वापरली जाणारी ३३०० मेगाहर्ट्झची अवघी ९ सेंटिमीटर. साधारण नियम असा की, लहर जितकी आखूड, तितकी ती भिंतीत अधिक अडते. जुन्या वाड्याची दोन हात जाडीची भिंत, सिमेंटच्या स्लॅबमधले लोखंड आणि ओल धरलेली भिंत ही सारी तिची वाट अडवतात. पत्र्याचे छप्पर तर तिला आल्या पावली परत पाठवते.

शिवाय संभाषण दुतर्फी असते. टॉवरचे फोनने ऐकावे लागते, तसे फोनचे टॉवरनेही. टॉवरच्या मानाने आपल्या फोनचा आवाज अगदी क्षीण. ४जी फोनची शक्ती फार तर वॅटचा पाचवा हिस्सा. रेंज कमी असली की बिचारा फोन जिवाच्या आकांताने ओरडत राहतो, म्हणून त्याची बॅटरीही लवकर उतरते.

आता उपाय. पहिला, मोजमाप. पडद्यावरच्या रेघांवर विसंबू नका. त्यांचे माप प्रत्येक फोनचे निराळे. बहुतेक फोनांत सेटिंगमध्ये सिमच्या माहितीत ‘डीबीएम’चा उणे आकडा सापडतो. ४जीवर उणे ८० च्या आसपास असेल तर उत्तम. उणे ११० च्या खाली गेला की बोलणे तुटू लागते. उणे ९० वरून उणे ११० म्हणजे वीस अंकांचा फरक नव्हे, शक्ती शंभरपट घटली! हा आकडा प्रत्येक खोलीत पाहावा आणि आजीचा पलंग व तिचा फोन जिथे तो बरा असेल तिथे, खिडकीजवळ हलवावा. ह्या उपायाला पैसा लागत नाही.

दुसरा, घरात ब्रॉडबँड असेल तर फोनमधले ‘वाय-फाय कॉलिंग’ सुरू करावे. बोलणे मग टॉवरऐवजी घरातल्या तारेवरून जाते, नंबर तोच राहतो. भारतात ही सोय २०१९ च्या अखेरीपासून मिळू लागली. मात्र वीज गेली की राउटर बंद पडतो; त्याला छोटी बॅटरी जोडून ठेवावी.

तिसरा, कंपनी बदलणे. पण आधी परीक्षा घ्या. घरी येणाऱ्या पाहुण्याला, शेजाऱ्याला त्याच खोलीत बसवून त्याच्या फोनची रेंज पाहा. २० जानेवारी २०११ पासून देशभर नंबर न बदलता कंपनी बदलता येते. ‘पोर्ट’ हा शब्द इंग्रजीत लिहून पुढे आपला नंबर घालून १९०० वर संदेश पाठवायचा. सध्याच्या कंपनीकडे ९० दिवस झालेले असावेत, आणि शिल्लक पैसे नव्या कंपनीकडे जात नाहीत, हे ध्यानात ठेवावे.

एका उपायापासून मात्र दूर राहा. बाजारात ‘बूस्टर’ नावाची यंत्रे खुशाल विकली जातात. परवान्यावाचून ती बसवणे बेकायदा आहे, आणि त्याला कारणही आहे. असे यंत्र हाती येईल तो आवाज मोठा करून टॉवरच्या कानात कोंबते. आपल्या घरात रेंज येते, पण गल्लीतल्या इतरांचे फोन तुटतात.

आता तिकीट. २८ दिवसांचा पॅक महिन्याचा वाटतो, पण २८ गुणिले १३ म्हणजे ३६४. वर्षाला बारा नव्हे, तेरा रिचार्ज होतात. म्हणून किंमत भागिले दिवस असा हिशेब करूनच पॅकांची तुलना करावी. आजीला इंटरनेट लागतच नसेल, तर डिसेंबर २०२४ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, घालून दिलेल्या नियमानुसार केवळ बोलणे व संदेश यांचे पॅक कंपन्यांना ठेवावे लागतात. दुकानदार ते आपण होऊन दाखवील असे नाही, आपण मागावे. वाचलेल्या पैशात राउटरची बॅटरी येते.

शेवटी एकच. पडद्यावर ‘फक्त आपत्कालीन कॉल’ असे दिसले, तर घाबरून फोन ठेवून देऊ नका. दुसऱ्या कंपनीचा टॉवर फोनला ऐकू येत आहे, असा त्याचा अर्थ. अशा वेळी ११२ लागू शकतो. आज घरी गेल्यावर हे तीन आकडे आजीला मोठ्या अक्षरांत लिहून द्या, आणि तिचा पलंग खिडकीकडे सरकवा. पॅकचे उद्या पाहता येईल.