सूतगिरणीतल्या शर्यतीच्या मोटारी

फ्रान्समधील मुलूझ हे जुन्या कापडगिरण्यांचे शहर. स्वित्झर्लंडच्या बाझलहून आगगाडीने अर्धाएक तास. तेथील मोटारींचे संग्रहालय पाहण्याचा योग आम्हांस आला. इमारत लोकरीच्या जुन्या सूतगिरणीची. आत चारशेच्या वर मोटारी, पैकी शंभराहून अधिक एकट्या बुगाटी कंपनीच्या!

शर्यतीच्या मोटारींचे दालन वेगळे आहे. फ्रान्सचा शर्यतीचा रंग निळा, म्हणून रांगा निळ्या. १९२४ साली शर्यतीत उतरलेल्या 'टाइप ३५' पुढून सोबतची मुले हलेनात. अंग निमुळते, इंजिन आठ सिलिंडरचे. चाके तारांची नव्हेत, अॅल्युमिनियमची ओतीव. ब्रेकचा ड्रमही चाकातच. चाक काढले की ब्रेक समोर. एत्तोरे बुगाटी मूळचा इटलीचा, पण त्याचा कारखाना याच अल्सास प्रांतात, मोल्सहाइम गावी होता.

आम्हांस मात्र मोटारींपेक्षा त्यांचा इतिहास मोठा वाटला. हान्स आणि फ्रिट्झ श्लुंफ हे दोघे भाऊ गिरणीमालक. गिरण्यांच्या पैशातून ते गुपचूप मोटारी जमवीत राहिले. १९६४ साली अमेरिकेतील एका संग्राहकाकडून एकदम ३० बुगाटी आणल्या. पॅरिसमधील एका पुलावरच्या दिव्यांसारखे आठशेवर दिवे आत बसविले, दालन आईच्या स्मृतीस वाहिले. पुढे धंदा बसला. १९७६ साली कामगार रस्त्यावर आले आणि मालक स्वित्झर्लंडला निघून गेले. मार्च १९७७ मध्ये कामगारांनी इमारतीचा ताबा घेतला, तेव्हा आपल्या घामाचे काय झाले ते त्यांना दिसले!

त्यांनी फाटक लोकांसाठी उघडले. 'कामगारांचा कारखाना' असे नाव देऊन सुमारे दोन वर्षे त्यांनीच हे प्रदर्शन चालविले. सरकारने १९७८ साली संग्रहाला राष्ट्रीय ठेव्याचे संरक्षण दिले, त्यामुळे तो विखुरला नाही. आमच्या मते याचे श्रेय संग्राहकांइतकेच त्या कामगारांना आहे.

१९८२ साली हे राष्ट्रीय संग्रहालय म्हणून खुले झाले. त्याच वर्षी १८ जानेवारीला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला होता. आपल्या वडीलधाऱ्यांना त्या गिरण्यांत विणखात्याचे दार बंद होते. धोट्याचा धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विटाळ! बाबासाहेबांनी १९२८च्या संपात हा प्रश्न धसास लावला. मुलूझच्या त्या दालनात मुलांना आम्ही हेही सांगितले. त्यांनी विचारले, मुंबईच्या मालकांकडे कोणत्या मोटारी होत्या?