फवारणीआधीचे रक्त

पौषात आमच्या कणकवलीकडे कोणाच्याही घरी जाऊन ‘झिल खंय?’ विचारा. उत्तर ठरलेले, ‘बागेत औषध मारूक गेलो हा.’ तुडतुड्याला मारते ते विष, पण आपण त्याला औषध म्हणतो; मग भीती कशाची वाटणार? कवी असल्याने शब्दांना हटकायची मला खोड आहे.

हापूसचे कलम उंच. गडी खाली उभा राहून नळी वर धरतो. मोहोरावर न टिकलेले तुषार त्याच्याच अंगावर येतात. तोंडाला फडके बांधले की झाले, असा समज. पण भिजलेल्या सदऱ्यातून, कातडीवाटेही विष अंगात शिरते.

यातल्या ऑरगॅनोफॉस्फेट गटाचे काम ऐकण्यासारखे आहे. आपल्या मज्जातंतूंचा निरोप एक द्रव्य स्नायूंपर्यंत नेते आणि निरोप पोचला की कोलिनएस्टरेज नावाचे विकर ते द्रव्य नाहीसे करते. विष या विकरालाच निकामी करते. मग निरोप थांबतच नाही. घाम, लाळ, बारीक झालेल्या बाहुल्या, शेवटी श्वास. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे दगावली.

ते डोळ्यांना दिसले. हळूहळू होणारा अपाय कसा ओळखायचा? केरळात कासरगोडच्या काजूबागांवर वर्षानुवर्षे हेलिकॉप्टरमधून एंडोसल्फान फवारले जाई. २००१ साली अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने तिथल्या पद्रे गावातले शाळकरी मुलगे तपासले. पुढे प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे ११७ मुलगे होते आणि त्यांच्या जोडीला, जिथे ही फवारणी झालीच नव्हती अशा गावातले ९०. फवारणी थांबून महिने लोटले होते, तरी पद्रेच्या मुलांच्या रक्तात एंडोसल्फान जास्त निघाले आणि त्यांचे वयात येणेही लांबलेले दिसले. ते दुसरे गाव नसते तर पद्रेचे आकडे कशाशी ताडून पाहणार होते? २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एंडोसल्फानवर बंदी घातली.

फवारणाऱ्या गड्याच्या बाबतीत ते दुसरे गाव म्हणजे तो स्वतःच, मोसमाआधीचा. कोलिनएस्टरेजचे मूळ प्रमाण माणसागणिक वेगळे असते. एखाद्याचे बरेच घटले तरी आकडा सर्वसाधारण मर्यादेत दिसू शकतो. म्हणून कॅलिफोर्नियात अशा विषांचे नियमित काम करणाऱ्यांचे रक्त आधी तपासणे कायद्यानेच बंधनकारक आहे. आपल्याकडे दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे फवारणीचे वेळापत्रक बागायतदार जपून ठेवतात. कलमाला कधी, काय, किती, याचा तो चोख हिशेब. गड्याच्या रक्ताची अशी वही मी तरी कोणाच्या घरी पाहिलेली नाही.

गेल्या मोसमात वाडीतला एक तरुण फवारणीहून आला आणि गरगरते म्हणून आमच्या ओट्यावर बसला. रक्त तपासले, आकडा मर्यादेत. ‘आधीचा आकडा आहे का?’ डॉक्टरांनी विचारले. तो कोणाकडे असणार?

यंदा मोहोर फुटायच्या आत त्याला तपासणीला नेणार आहे. तो हसतो. म्हणतो, ‘चाचानू, माका खंय काय झाला हा?’