आफ्रिकेचा खुष्कीचा प्रवास : आखणी आणि काटकसर



आमच्या गावाचे नाव मुरूड. हे नाव सांगितले की परका मनुष्य हटकून विचारतो, "म्हणजे जंजिऱ्याचे ना?" तेव्हा खुलासा करावा लागतो की, ते मुरूड कोकणात समुद्रकाठी, आमचे लातूर जिल्ह्यात, समुद्रापासून पुष्कळ दूर. तथापि या नामसादृश्याने एक गोष्ट मनात येते. त्या जंजिऱ्यावर ज्या सिद्दींची सत्ता १९४८ पर्यंत होती, त्यांचे पूर्वज आफ्रिकेतील हबसाणचे. आमच्या मराठवाड्यात १६१० साली खडकी शहर वसविणारा, निजामशाहीचा आधारस्तंभ मलिक अंबर हाही हबसाणातच जन्मलेला. गुलाम म्हणून विकला गेलेला तो मुलगा दख्खनला आला, त्या वेळी त्यास कोणी मार्ग विचारला नव्हता की परतीची सोय दाखविली नव्हती. आफ्रिकेतून इकडे येण्याची वाट अशी जुनी आहे. इकडून तिकडे स्वखुषीने, थोड्या पैशांत आणि सुखरूप परत येण्याच्या बोलीने कसे जावे, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

विषय निघाला तो असा. माझा एक जुना विद्यार्थी गेल्या वर्षी नकाशा घेऊन घरी आला. शेतकऱ्याचा मुलगा, चार वर्षे नोकरी करून त्याने काही रक्कम साठविली आहे. कैरोपासून केपटाउनपर्यंत सबंध आफ्रिका खंड आगगाडी, मोटारगाडी व होडी यांनी ओलांडावयाचा, असा त्याचा मनोदय. चाळीस वर्षे फळ्यावर मी जो भूगोल शिकविला, तो कोणी पायाखाली घालावयास निघाला, याचे मला अप्रूप वाटले. पण त्याच्या पाठोपाठ त्याची आई आली. उंबऱ्यातच थांबून ती म्हणाली, "गुरुजी, नकाशा तुम्हीच शिकविलात. लेकरू माघारी येईल न्हवं?" त्या प्रश्नानंतर आम्ही दोघांनी मिळून जी आखणी केली, तीच आज आपणांपुढे मांडतो. मी स्वतः आफ्रिकेस गेलेलो नाही, हे प्रारंभीच सांगितलेले बरे.

अल्प द्रव्यात दीर्घ प्रवास करणे आपल्या लोकांस नवे नाही. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली काकांसह पायी उत्तरेस निघाले. यज्ञात दक्षिणा मिळेल, कर्ज फिटेल, ही आशा. वाटेत बंडाची धामधूम गाठली. झाशीच्या लुटीत जवळचे द्रव्य गेले. तरी गंगेची कावड खांद्यावर घेऊन ते घरी पोचले. त्यांचा हा वृत्तांत 'माझा प्रवास' या नावाने १९०७ साली प्रसिद्ध झाला. त्यातून मी विद्यार्थ्यास तीन गोष्टी दाखविल्या. गरीब प्रवाशाचे खरे भांडवल पैसा नसून वेळ होय. वाटेवर युद्ध असेल तर उत्तम आखणीही व्यर्थ जाते. आणि सर्व द्रव्य एके ठिकाणी ठेवू नये.

यांतील दुसऱ्या धड्याची प्रचीती लगेच आली. कैरोहून नाईलच्या काठाने आगगाडीने आस्वान, तेथून आगबोटीने वादी हाल्फा आणि पुढे खार्टूम, हा पूर्वापार मार्ग. परंतु एप्रिल २०२३ पासून सुदानात यादवी युद्ध पेटले आणि तो मार्ग सामान्य प्रवाशास तुटला. केप ते कैरो सलग लोहमार्ग टाकण्याचे स्वप्न सेसिल ऱ्होड्स याने पाहिले होते. साम्राज्याचे पाठबळ असूनही ते पुरे झाले नाही. मग आपण हट्ट कशास धरावा? विद्यार्थी दोन दिवस रुसला. शेवटी नकाशावरील वरचा अर्धा भाग त्याने स्वतःच्या हाताने खोडला. आखणीचे पहिले काम मार्ग वाढविणे हे नसून मार्ग तोडणे हे आहे, असे मी म्हणतो ते याकरिता.

उरलेला मार्ग असा ठरला : मुंबईहून विमानाने केनियाची राजधानी नैरोबी, कारण उतारूंची नियमित आगबोट आता त्या बाजूस जात नाही. नैरोबीहून मोटारगाडीने टांझानियात अरुशामार्गे दार-ए-सलाम. तेथून आगगाडीने झांबियातील कापिरी म्पोशी. पुढे लुसाका व लिव्हिंगस्टन. मग नामिबियातून विंडहोक. आणि शेवटी केपटाउन. देश पाच, अंतर सुमारे सहा हजार किलोमीटर. मोटारगाडी दिवसास चारशे किलोमीटर जाते असे धरले, तर प्रत्यक्ष चालीचे दिवस पंधरा-सोळाच भरतात. परंतु त्याने मुदत धरली नव्वद दिवसांची. विमानभाडे, परवान्यांचे शुल्क व लस हा खर्च तीस दिवसांस जेवढा, तेवढाच नव्वद दिवसांस. घाई करणारा मनुष्य महाग गाडी घेतो, रात्रीचा प्रवास करतो आणि मागतील ते भाडे देतो. सवड असलेला मनुष्य उद्याच्या गाडीची वाट पाहू शकतो.

आता हंगाम. पूर्व आफ्रिकेत मोठा पाऊस मार्च ते मे व लहान पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर पडतो. दक्षिणेकडे झांबियात नोव्हेंबर ते मार्च हा पावसाळा. कच्चे रस्ते त्या दिवसांत बंद पडतात. मधले जून ते सप्टेंबर कोरडे. आमच्याकडे सोयाबीनची पेरणी जूनअखेर आटोपते आणि काढणी दसऱ्याच्या सुमारास येते. म्हणजे शेतकऱ्याच्या मुलास जी मोकळीक मिळते, तीच नेमकी तिकडची सुगम वेळ! मात्र विषुववृत्ताच्या दक्षिणेस जुलै हा हिवाळा असतो. आफ्रिका म्हणजे केवळ ऊन, या समजुतीने गेलेला मनुष्य नामिबियाच्या पठारावर रात्री कुडकुडतो. यास्तव एक घोंगडी अवश्य न्यावी.

या मार्गातील आगगाडीविषयी थोडे सांगतो. झांबियास समुद्रकिनारा नाही. तेथील तांबे गोऱ्यांच्या ऱ्होडेशियातून न नेता बंदरास पोचावे, म्हणून चीनच्या साहाय्याने १९७० ते १९७५ या काळात हा १,८६० किलोमीटरांचा लोहमार्ग बांधण्यात आला. त्यास ताझारा म्हणतात. वेळापत्रकाप्रमाणे दोन दिवस लागतात. प्रत्यक्षात अधिक लागू शकतात, आणि दुरुस्तीकरिता गाडी अधूनमधून बंदही राहते. ज्यांनी कुर्डुवाडी-लातूर ही बार्शी लाईट रेल्वेची अडीच फुटी गाडी अनुभवली आहे, त्यांस याचे नवल वाटू नये. मात्र निघण्यापूर्वी चौकशी करावी आणि ती बंद असल्यास मोटारगाडीची वाट हाताशी ठेवावी. जंगलातून जाताना खिडकीतून हत्ती व जिराफ दृष्टीस पडण्याचा संभव असतो, आणि त्यास वेगळे तिकीट नाही.

लहान अंतरास केनियात 'मटाटू' व टांझानियात 'डालाडाला' नावाच्या गाड्या आहेत. आपल्याकडील काळीपिवळीप्रमाणे गाडी भरली म्हणजे सुटते. यांत एक फसगत संभवते. स्वाहिली भाषेत तास सूर्योदयापासून मोजतात. 'सा मोजा' याचा शब्दार्थ एक वाजता, पण ती वेळ आपल्या सकाळच्या सातची. आपल्या पंचांगातील घटका सूर्योदयापासून मोजल्या जातात, तसाच हा प्रकार. गाडी 'एक वाजता' आहे असे कोणी म्हटल्यास, कोणत्या गणनेने, हे विचारून घ्यावे. नाहीतर मनुष्य सहा तास उशिरा पोचावयाचा.

भाषेचे भय मात्र बाळगू नये. स्वाहिलीत औषधास 'दावा', पुस्तकास 'किताबू', साबणास 'साबुनी', बंदरास 'बंदारी', दुकानास 'दुका' आणि हिशेबास 'हेसाबू' म्हणतात. 'हाबारी' म्हणजे खबर, आणि 'सफारी' म्हणजे कोणताही प्रवास. आमच्या मराठवाड्याच्या कानास यांतील कोणता शब्द परका आहे? अरबांचे व्यापारी दोन्ही किनाऱ्यांस लागत, त्याची ही खूण. १८९६ ते १९०१ या काळात मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत लोहमार्ग बांधण्यास हिंदुस्थानातून सुमारे ३२,००० मजूर नेले होते. त्यांपैकी अडीच हजारांच्या आसपास तेथेच मृत्यू पावले. त्या वाटेने जाणाऱ्याने त्यांचे स्मरण ठेवावे. 'चपाती' हा शब्द तिकडे आज घरोघरी चालतो.

आता परवान्यांकडे वळू. केनियाने जानेवारी २०२४ पासून व्हिसाऐवजी निघण्यापूर्वी घ्यावयाची इलेक्ट्रॉनिक अनुमती सुरू केली आहे. दक्षिण आफ्रिकेचा व्हिसा भारतातूनच घेऊन निघावे, हे श्रेयस्कर. येथे गणित असे की, मुदत शेवटाकडून मोजावी. आपण केपटाउनास ऐंशीव्या दिवशी पोचणार असू, तर हाती असलेला परवाना त्या दिवशी जिवंत असला पाहिजे. नियम व शुल्क वरचेवर बदलतात. यास्तव ऐकीव माहितीवर न विसंबता त्या त्या देशाच्या वकिलातीचे म्हणणे प्रमाण मानावे.

पैशाचे चार भाग करावेत. पहिला, निघण्यापूर्वीचा खर्च : विमानाचे जाण्यायेण्याचे भाडे, परवाने, लस, विमा. दुसरा, वाहनांचा. तिसरा, रोजचा अन्न व निवारा यांचा. चौथा, राखीव. उदाहरणादाखल, रोजचा खर्च वीस डॉलर धरला तर नव्वद दिवसांचे अठराशे होतात. पण हिशेब शंभर दिवसांचा, म्हणजे दोन हजारांचा करावा, कारण चुकलेली गाडी भाड्यापेक्षा मुक्कामाने महाग पडते. राखीव रकमेस आजारपण किंवा तातडीने परत येणे यांखेरीज हात लावू नये. नोटा नव्या व अखंड न्याव्यात. जुन्या किंवा फाटक्या डॉलरच्या नोटा पुष्कळ ठिकाणी नाकारतात. रक्कम तीन जागी वाटून ठेवावी. झाशीची लूट स्मरावी.

काटकसर खाण्यात करावी, निवाऱ्यात करावी, वाहनातही करावी. परंतु चार ठिकाणी ती करू नये. पहिले, पीतज्वराची लस. ती सरकारमान्य केंद्रावरच घ्यावी लागते व दहा दिवसांनंतर दाखला लागू होतो. २०१६ पासून तो आयुष्यभर चालतो. सरहद्दीवर हा दाखला मागतात. आणि तो नसताना केनियासारख्या देशातून परतणाऱ्यास आपल्याच देशात सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवले जाते. दुसरे, हिवतापाचा प्रतिबंध. गोळ्या वैद्यकीय सल्ल्याने घ्याव्यात, मच्छरदाणी न्यावी. आणि परतल्यावर पुढील काही महिन्यांत ताप आला तर डॉक्टरांस आफ्रिकेचा प्रवास आवर्जून सांगावा. तिसरे, रात्र. अंधारात रस्त्याने प्रवास करू नये. मुक्कामाचे गाव दिवसाउजेडी गाठावे, त्यासाठी एक दिवस अधिक गेला तरी चालेल. चौथे, परतीचे भाडे. ते निघण्यापूर्वीच भरून टाकावे.

हे सर्व ठरले तेव्हा विद्यार्थ्याची मूळ यादी निम्मी झाली होती. मी त्यास विचारले, "वाईट वाटते का?" तो म्हणाला, "गुरुजी, आधी मला खंड ओलांडावयाचा होता. आता मला तो पाहावयाचा आहे." या उत्तराने मला संतोष झाला.

त्या माऊलीस मी तिच्या घरी जाऊन वही दाखविली. तिला वाचता येत नाही. म्हणून प्रत्येक पानावरचे वाचून दाखविले. मुक्कामाचे गाव, तेथून निरोप देण्याचा वार, आणि ठरल्या वारानंतर तीन दिवस निरोप आला नाही तर कोणास कळवावयाचे, ते. वहीचे पहिले पान परतीच्या तिकिटाचे आहे. ते ऐकून ती एवढेच म्हणाली, "मग काढणीला आहे म्हणायचा." मी होय म्हटले. वाटेवरचे सर्व काही आपल्या हाती नसते, हे तिलाही ठाऊक आहे आणि मलाही. परंतु जेवढे हाती आहे, तेवढे वहीत उतरविल्यावाचून घराचा उंबरा ओलांडू नये. वारीस निघणारा वारकरीही घरी परतण्याची तिथी सांगूनच निघतो.