जुलाबात पाणी तोडू नका!

परवा माझ्या मेडिकलमध्ये एक आजी आल्या. नातवाला जुलाब, म्हणून घरच्यांनी पाणीच बंद केलेलं!

करायचं ते उलट. १ लिटर उकळून गार केलेलं पाणी, चहाचे ६ सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. घोटघोट पाजत राहा.

साखर चवीसाठी नाही बरं! तिच्यातल्या ग्लुकोजसोबत आतडं मीठ शोषतं, मागोमाग पाणी. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी अशाच मिश्रणाने कॉलऱ्याचे कितीतरी रुग्ण वाचवले. मीठ मात्र अंदाजाने टाकू नका, जास्त झालं तर घातक.

ओआरएसची पुडी मिळाली तर तीच उत्तम. तान्ह्याचं अंगावरचं दूध चालूच ठेवा.

या मिश्रणाने जुलाब थांबत नाहीत, पाणी भरून निघतं. शौचात रक्त, लघवी कमी, मूल मलूल दिसलं तर थेट डॉक्टर गाठा.

काही शंका? कमेंटमध्ये विचारा.