फुकटच्या रात्रीचा हिशेब

हॉटेलच्या नावाचे क्रेडिट कार्ड घेताना ग्राहकाचे लक्ष प्रथम जाते ते ‘रिवॉर्ड पॉइंट्स’कडे. हिशेब मात्र दुसऱ्याच गोष्टीचा मांडावा लागतो. एचडीएफसी बँक व मॅरियट यांनी ऑगस्ट २०२३ मध्ये आणलेले ‘मॅरियट बॉनव्हॉय’ कार्ड पाहावे. त्या वेळी त्याचे वार्षिक शुल्क ३,००० रुपये, म्हणजे जीएसटीसह ३,५४० रुपये होते. कपडालत्त्यासारख्या नित्याच्या खरेदीवर दर १५० रुपयांमागे २ पॉइंट मिळत. या गतीने १५,००० पॉइंट जमवायचे, तर सव्वाअकरा लाख रुपये खर्चावे लागतात! मॅरियटच्या हॉटेलांत ८ पॉइंट मिळत असले, तरी तेथेही बिल पावणेतीन लाखांपुढे जावे लागते.

मात्र शुल्कासोबत वर्षाकाठी एक रात्र मोफत देऊ केली होती, १५,००० पॉइंटांपर्यंतच्या खोलीत. कार्डाचे मोल तिच्यातच आहे. एरवीही सहा-सात हजार रुपये भाडे देऊन राहणाऱ्या कुटुंबाचे शुल्क तेवढ्यात वसूल होते. सुटीत गावी किंवा नातलगांकडे जाणाऱ्याला ही सवलत म्हणजे विकतचा खर्च. शिवाय २०२२ पासून मॅरियटने खोल्यांचा ठरावीक पॉइंट-तक्ता मोडीत काढला. मागणीनुसार आकडा बदलतो. पावसाळ्यात मर्यादेत बसणारी खोली दिवाळीत बसेलच असे नाही, आणि मोफत रात्रीला वर्षाची मुदत असते.

बिल थकवणाऱ्याने तर हा विचारच करू नये. थकबाकीवरील व्याज वर्षाला चाळीस टक्क्यांच्या घरात जाते. इतरांनी अर्जापूर्वी आपल्या सुटीच्या तारखा हॉटेलच्या संकेतस्थळावर घालून खोलीला किती पॉइंट लागतात, ते पाहावे.