ओरखड्यांवरून जुळवलेला ताव

बेसबॉलपटू होनस वॅग्नरचे सिगारेटच्या पाकिटातले कार्ड विकले गेले की त्याची बातमी होते, आणि त्या बातमीत किमतीखेरीज फारसे काही नसते. ऑगस्ट २०२२ मध्ये ही किंमत साडेबहात्तर लाख डॉलरपर्यंत पोचली. पुढचा लिलाव होईल तेव्हा पुन्हा तेवढेच छापून येईल. हे कार्ड ज्या मालिकेतले, तिला संग्राहक ‘टी-२०६’ म्हणतात. १९०९ ते १९११ या काळात निघालेल्या या मालिकेचा बारकाईने अभ्यास करणाऱ्यांना मात्र वॅग्नरच्या चेहऱ्यापेक्षा गळालेली अक्षरे, निसटलेले रंग, उलटे छापलेले मागचे मजकूर आणि वाकडे कापलेले काठ जास्त कामाचे वाटतात. जी कार्डे त्या काळी छापखान्याच्या रद्दीतच जायची, त्यांच्याच आधाराने मालिकेच्या छपाईचा इतिहास आज पुन्हा रचला जातो आहे.

पाकिटात कार्ड घालण्याची चाल त्याआधीची. १८८० च्या दशकात अमेरिकी सिगारेटी मऊ कागदी पाकिटात येत. आत जाड कागदाचा तुकडा असला की सिगारेटी मोडत नसत, आणि त्या तुकड्यावर चित्र छापले की गिऱ्हाईक त्याच छापाकडे परत येई. ॲलन अँड गिंटर, गुडविन, किनी, किंबॉल आणि ड्यूक या कंपन्यांनी नट्या, सैनिक, पक्षी, राजे आणि बेसबॉलपटू यांची कार्डे काढून एकमेकींची गिऱ्हाइके पळवली. बॉन्सॅक यांच्या सिगारेट वळणाऱ्या यंत्रामुळे जेम्स ड्यूक यांच्याकडे माल उदंड झाला होता आणि तो खपवण्यासाठी जाहिरात हवीच होती. १८९० मध्ये या पाचही कंपन्या अमेरिकन टोबॅको कंपनीत एकत्र आल्या. मग कार्डांची लाटही ओसरली, कारण मक्तेदाराला गिऱ्हाईक पळवायचे कोणाचे? १९०९ मध्ये याच कंपनीने बेसबॉलच्या कार्डांचे काम पुन्हा मोठ्या प्रमाणावर काढले आणि छपाई न्यूयॉर्कच्या अमेरिकन लिथोग्राफिक कंपनीकडे सोपवली. २९ मे १९११ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही मक्तेदारी मोडीत काढण्याचा आदेश दिला. मालिकाही त्याच वर्षी थांबली.

‘टी-२०६’ हा क्रमांक पुढे जेफरसन बर्डिक या संग्राहकाने आपल्या सूचीत दिला. ‘टी’ म्हणजे विसाव्या शतकातली तंबाखूची कार्डे. बर्डिक यांनी आपला सारा संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला देऊन टाकला. संधिवाताने हात आखडत चाललेले असतानाही ती कार्डे पुठ्ठ्यांवर चिकटवण्याचे काम त्यांनी वर्षानुवर्षे स्वतः केले आणि ते संपल्यानंतर दोनेक महिन्यांत, १९६३ मध्ये, त्यांचे निधन झाले. आजच्या हिशेबाने या मालिकेत ५२४ कार्डे आहेत. त्यांतली चार इतकी दुर्मीळ आहेत की बहुतेक संग्राहक ५२० जमली की संच पुरा झाला असे मानतात. त्या चारांपैकी दोन कार्डे निव्वळ चुका आहेत.

चुका कशा झाल्या हे कळायला आधी काम कसे चाले ते पाहावे लागते. खेळाडूंचे फोटो कृष्णधवल असत. बॉस्टनच्या कार्ल हॉर्नर यांनी काढलेली कित्येक व्यक्तिचित्रे या मालिकेत वापरली गेली. चित्रकार त्या फोटोंवरून रंगीत चित्र करी आणि पाठीमागचे आकाश, गवत, भगवी पार्श्वभूमी बरीचशी मनाने भरी. मग शिळाछापाच्या पद्धतीने प्रत्येक रंगाचा वेगळा ठसा तयार होई. पिवळा, तांबूस, निळा, हिरवा, लाल, काळा असे रंग एकावर एक चढत. आपल्याकडे मळवलीच्या रविवर्मा प्रेसमध्ये देवादिकांची चित्रे याच तंत्राने छापली जात होती. त्या चित्रांतही एखाद्या लक्ष्मीच्या ओठांचा रंग ओठांच्या बाहेर गेलेला दिसतो. मूळ चित्राचे ठसे खास कागदावर उतरवून घेत आणि ते मोठ्या छपाईच्या पृष्ठभागावर शेजारी शेजारी बसवत. त्यामुळे एका तावावर अनेक खेळाडू येत आणि एकच खेळाडू अनेकदा येई. शेवटी ताव कापून सुमारे दीड इंच रुंद आणि अडीच इंचांहून थोडी उंच कार्डे निघत.

मागच्या बाजूला सिगारेटीची जाहिरात असे. पीडमाँट आणि स्वीट कॅपोरल हे सर्वांत जास्त खपाचे छाप. त्यांच्यासोबत सॉव्हरिन, ओल्ड मिल, पोलर बेअर, ड्रम, टॉल्स्टॉय, युझिट आणि चक्क ‘हिंदू’ नावाचाही एक छाप होता. एकूण सोळा छाप, आणि त्यांचे मजकूर व कारखाना-क्रमांक यांचे फरक धरले तर मागच्या बाजूचे तीसहून अधिक प्रकार होतात. ‘१५० विषय’, ‘३५० विषय’, ‘४६० विषय’ अशी वाढत गेलेली संख्याही मागेच छापलेली असते. तिच्यावरून कार्ड मालिकेच्या कोणत्या टप्प्यावर छापले गेले ते कळते. कारखान्याचा क्रमांक करखात्यासाठी असे. २५ म्हणजे व्हर्जिनियातला, ३० म्हणजे न्यूयॉर्कचा, ४२ म्हणजे नॉर्थ कॅरोलायनातला. एका कारखान्यासाठी छापलेली कार्डे दुसऱ्याकडे वळवायची वेळ आली तर तावच्या ताव फेकण्याऐवजी जुन्या क्रमांकावर नवा क्रमांक ठोकून देत. स्वीट कॅपोरलच्या काही कार्डांवर ६४९ किंवा ४२ हे आकडे असे वरून मारलेले आहेत. काटकसर फार जुनी, आणि आज त्याच कार्डांना जास्त भाव.

आता त्या दोन चुका. फिलाडेल्फियाच्या शेरी मॅगी या खेळाडूचे आडनाव लिहिताना शेवटच्या ‘ईई’ऐवजी ‘आयई’ पडले. उच्चारात फरक नाही, म्हणून कुणाच्या कानाला ते खटकले नसावे. चूक लवकर लक्षात आली आणि ठसा दुरुस्त झाला. चुकीचे कार्ड फक्त ‘पीडमाँट १५०’ या मागच्या बाजूसहच सापडते, म्हणजे दुरुस्ती मालिकेच्या अगदी सुरुवातीची. दुसरी चूक नजरेची नव्हे, माहितीची. जो डॉइल हा न्यूयॉर्कच्या अमेरिकन लीगमधल्या संघाचा गोलंदाज. त्याच शहरातल्या नॅशनल लीगच्या संघात लॅरी डॉइल नावाचा दुसरा खेळाडू होता. कार्ड लिहिणाऱ्याने दोघांची गल्लत केली आणि जोच्या नावापुढे नॅशनल लीगची खूण टाकली. छपाई थांबवून ती खूण उडवली गेली, तोवर थोडीच कार्डे बाहेर पडली होती. आज ती हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकीच माहीत आहेत, वॅग्नरच्या पन्नास-साठ कार्डांच्या तुलनेत तर फारच कमी. तरीही बातमी वॅग्नरचीच होते, कारण डॉइल कोण हे त्याच्या काळातही फारसे कुणाला ठाऊक नव्हते.

मॅगी आणि डॉइल यांच्या चुका माणसाने लिहिण्यात केल्या. त्यांच्याशेजारी बसवली जाणारी आणखी काही नावे मात्र वेगळ्या जातीची आहेत. स्नॉडग्रासच्या नावातला पहिला ‘एस’ काही कार्डांवर नाही, म्हणून तो ‘नॉडग्रास’ झाला. शार्पच्या नावातल्या ‘आर’ची अशी मोडतोड झाली की ते ‘पी’ वाटते. बॉस्टनच्या स्वीनीच्या सदऱ्यावरचा ‘बी’ गायब आहे. इथे कुणी चुकीचे लिहिले नव्हते. ठशाचा तेवढा भाग झिजला, घाणीने झाकला किंवा शाई धरेनासा झाला. कॅटलॉगवाले यातल्या काहींना स्वतंत्र प्रकार मानतात आणि अगदी तशाच इतर दोषांना मानत नाहीत. ही निवड बरीचशी बाजाराच्या सोयीने झालेली दिसते. डेमिट आणि ओ’हारा यांची सेंट लुइसची कार्डे तर चुकाही नव्हेत. हे दोघे न्यूयॉर्क सोडून सेंट लुइसच्या संघांत गेले आणि नावाखालचे गाव बदलले गेले, इतकेच. पण नव्या गावाची कार्डे फक्त पोलर बेअर या तंबाखूच्या पुड्यांतच गेली, म्हणून दुर्मीळ झाली. पोलर बेअर सुट्या तंबाखूची पुडी असल्याने त्यांतली बरीच कार्डे डागाळलेलीही मिळतात.

त्या चार दुर्मीळ कार्डांपैकी, वॅग्नर सोडला तर, उरलेला एक खेळाडू म्हणजे एडी प्लँक, आणि त्याच्याबद्दल सांगितली जाणारी कथा अगदी तपासून घेण्यासारखी आहे. प्लँकची कार्डे कमी का? तर म्हणे त्याचा छपाईचा ठसा फुटला. ऐकायला हे छान वाटते, पण शिळाछापाच्या पद्धतीत ते पटण्यासारखे नाही. एकच चित्र तावावर अनेक जागी बसवलेले असताना एक जागा बिघडल्याने तो खेळाडू संपत नाही. मूळ चित्रावरून नवा ठसा उतरवून घेता येतो, आणि ते काम छापखान्यात रोजचेच होते. शिवाय प्लँकची कार्डे १५० आणि ३५० अशा दोन्ही टप्प्यांच्या मागच्या बाजूंसह सापडतात, म्हणजे त्याला दोनदा छापायला घेतले होते. कुणाच्या तरी हरकतीमुळे छपाई थांबली असावी हा अंदाज त्यापेक्षा बरा, पण तोही अंदाजच. वॅग्नरच्या बाबतीत निदान कागदी पुरावा आहे. १९१२ मध्ये ‘स्पोर्टिंग न्यूज’ने छापले की परवानगी मिळवून देण्याचे काम जॉन ग्रुबर या पत्रकाराकडे होते, वॅग्नरने सिगारेटीसोबत आपले चित्र नको असे कळवले आणि ग्रुबरची दलाली बुडू नये म्हणून दहा डॉलरचा चेकही पाठवला. मुलांच्या हातात तंबाखू जाऊ नये म्हणून त्याने नकार दिला, ही त्यापुढची सजावट. वॅग्नर स्वतः तंबाखू चघळत असे आणि त्याचे नाव सिगारवर आलेले होते.

खेळाडूंच्या या कथा बाजूला ठेवल्या की छापखान्याचा पुरावा उरतो, आणि तोच सर्वांत भरवशाचा. या मालिकेचा एकही पूर्ण, न कापलेला ताव आजवर सापडलेला नाही. एकेकाळी वॅग्नरकडे असलेली पाच खेळाडूंची प्रूफची एक पट्टी माहीत आहे, पण ती छपाईच्या तावाचा तुकडा नसून तपासणीचा नमुना आहे. म्हणजे तावावर किती कार्डे होती, कोण कोणाच्या शेजारी होते, हे ठरवायला कार्डेच धुंडाळावी लागतात. वाकडी कापलेली कार्डे इथे उपयोगी पडतात. ताव कापताना पाते सरकले की वरच्या कार्डाच्या नावाची पट्टी खालच्या कार्डाच्या डोक्यावर येते. अशा बहुतेक कार्डांवर वर आणि खाली एकच नाव दिसते, म्हणून एकाच खेळाडूची चित्रे उभ्या रांगेत एकाखाली एक बसवत असत हे कळते. काही थोड्या कार्डांवर मात्र दोन निरनिराळी नावे आहेत. तिथे एका खेळाडूची रांग संपून दुसऱ्याची सुरू झालेली असणार.

ओरखड्यांचे काम याहून नाजूक. पीडमाँटची मागची बाजू छापणाऱ्या ठशावर कधीतरी चरे पडले. ते नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसतात, पण प्रत्येक तावावर त्याच जागी उमटत राहिले. एखादा चरा एका कार्डाच्या उजव्या काठाशी तुटतो आणि दुसऱ्या कार्डाच्या डाव्या काठाशी त्याच कोनात, त्याच उंचीवर पुन्हा सुरू होतो. कार्ड पालटले की पुढच्या बाजूला खेळाडू कोण ते समजते. अशी शेकडो कार्डे समोरासमोर ठेवून संग्राहकांनी ‘पीडमाँट १५०’च्या तावांचे मोठे भाग कागदावर पुन्हा मांडले आहेत. कोण कोणाच्या शेजारी होता, कोणता खेळाडू कोणत्या रांगेत होता हे त्यातून उघड झाले. एकाच खेळाडूच्या मागे वेगवेगळे चरे सापडतात तेव्हा तो तावावर एकापेक्षा अधिक जागी होता हेही सिद्ध होते. इतका चिकट अभ्यास विद्यापीठात झाला असता तर त्याला पदवी मिळाली असती. इथे तो हौशी माणसांनी, बहुतेक स्वस्त आणि फाटक्या कार्डांवर केला आहे, कारण ओरखडा पाहायला कार्ड कोरे करकरीत असावे लागत नाही.

बाकीचे दोष ओळखायला सोपे. ओल्या शाईचा ताव दुसऱ्यावर पडला की मागच्या बाजूला चेहऱ्याची उलटी सावली उमटते. ताव फिरवून घातला की मागचा मजकूर उलटा येतो. एखादा रंग चढवायचा राहिला की खेळाडूचे ओठ आणि टोपी फिकी पडतात. कोऱ्या पाठीची, एकाच पाठीवर दोन-तीन मजकूर छापलेली कार्डेही आहेत. ती बहुधा यंत्र लावताना वापरलेल्या रद्दी तावांतून बाहेर गेली.

दोषाला भाव आल्यावर दोष तयार करणारेही आले. काठ कापून कार्ड नवे दाखवण्याचा प्रकार सर्वांत जुना, आणि त्याचे सर्वांत महागडे उदाहरण वॅग्नरचेच. १९९१ मध्ये आइस हॉकीपटू वेन ग्रेट्झकी यांनी भागीदारीत ४ लाख ५१ हजार डॉलरना घेतलेले कार्ड पुढे उत्कृष्ट दर्जाचे म्हणून प्रमाणित झाले. आपण त्याचे काठ कापले होते, अशी कबुली लिलावदार बिल मॅस्ट्रो यांनी २०१३ मध्ये दिली. काठाचा पुरावा मोजपट्टीने सहज मिळत नाही, कारण अमेरिकन ब्यूटी या छापाची कार्डे मुळातच अरुंद कापलेली असत. म्हणून कापाची कडा, तिचा जुनेपणा आणि कागदाचे तंतू भिंगाखाली पाहतात. डॉइलच्या साध्या कार्डावर लीगची खूण छापून ते दुर्मीळ बनवण्याचे प्रयत्नही झाले आहेत. तिथे नव्या अक्षरांची शाई आणि जुन्या नावाची शाई शेजारी ठेवून तपासतात. सर्वांत अवघड जातो तो गेलेला लाल रंग. उन्हात ठेवलेल्या किंवा रसायनात बुडवलेल्या कार्डाचाही लाल उडतो आणि ते छपाईत रंग राहून गेलेल्या कार्डासारखे दिसते. म्हणून जाणकार आधी बाकीचे रंग पाहतात. पिवळा आणि निळाही फिका पडला असेल तर ते बहुधा ऊन. ते ताजे राहून फक्त लाल नसेल तर रसायनाचा संशय उरतो, आणि कागदावर लालाचा एखादा ठिपका कुठे राहिला आहे का, ते भिंगाने शोधावे लागते.