जेमतेम ५० लोकांचं गाव, पण मधोमध भिंत बांधली होती... 'छोट्या बर्लिन'ची गोष्ट

बर्लिनची भिंत आपण सगळ्यांनी शाळेत वाचलेली असते. इतिहासाच्या पुस्तकात तिचा फोटो असतो, भिंतीवर चढलेली पोरं आणि हातात हातोडे. पण त्याच जर्मनीत एक खेडं आहे, जिथं अगदी तशीच भिंत होती. गावाचं नाव मोडलारॉयट, लोकवस्ती साधारण ५०. एवढ्याशा गावाला भिंत घालायची वेळ का आली? तेच बघू.

भांडणाचं मूळ एक ओढा

गावाच्या मधून टानबाख नावाचा ओढा वाहतो. ओढा कसला, उडी मारली तर माणूस पलीकडे जाईल एवढाच. १८१० मध्ये या ओढ्याच्या कडेने सीमेचे दगड रोवले गेले. एका बाजूला बव्हेरियाचं राज्य, दुसऱ्या बाजूला रॉइसचं संस्थान. दगडांवर दोन्हीकडची आद्याक्षरंही कोरली होती.

पण गावकऱ्यांना याचा काही फरक पडत नव्हता. शाळा आणि खानावळ पूर्वेकडच्या थुरिंगियाच्या भागात होती, तर प्रार्थनेला सगळे बव्हेरियातल्या शेजारच्या ट्योपेन गावातल्या चर्चमध्ये जायचे. सोयरिकी दोन्हीकडे, शेतंही दोन्हीकडे. सीमा होती ती फक्त कागदावर.

मग बिघडलं कुठं?

दुसरं महायुद्ध संपलं आणि जेत्या देशांनी जर्मनीची वाटणी केली. बव्हेरिया अमेरिकेच्या वाट्याला आला, थुरिंगिया सोव्हिएत रशियाच्या. १९४९ मध्ये दोन वेगळे देश तयार झाले, पश्चिम जर्मनी आणि पूर्व जर्मनी. शंभरहून जास्त वर्षं जी नुसती प्रशासकीय रेघ होती, ती आता दोन महासत्तांमधली सीमा झाली. आणि ती जात होती मोडलारॉयटच्या मधून.

तरी सुरुवातीची काही वर्षं परवाना घेऊन लोक ये-जा करायचे. खरा घाव बसला तो १९५२ मध्ये. पूर्वेतून पश्चिमेकडे पळून जाणाऱ्यांचा लोंढा थांबत नव्हता, म्हणून पूर्व जर्मनीच्या सरकारने सीमा बंद केली. सीमेलगत १० मीटरचा नांगरलेला पट्टा, त्यामागे ५०० मीटरचा संरक्षित पट्टा आणि त्याही मागे ५ किलोमीटरचं प्रतिबंधित क्षेत्र. नांगरलेल्या पट्ट्यावर पाऊल टाकलं की ठसा उमटणार, म्हणजे कुणी पळालं तर कळणार.

त्याच वर्षी जूनमध्ये सीमेवरच्या गावांमधून सरकारला 'भरवशाचे' न वाटणारे ८ हजारांहून अधिक लोक घराबाहेर काढून आतल्या भागात हलवले गेले. या मोहिमेचं सांकेतिक नाव होतं 'उंगेत्सीफर', म्हणजे उपद्रवी किडे. आपल्याच नागरिकांसाठी वापरलेला हा शब्द होता.

हात हलवायलाही बंदी

मोडलारॉयटमध्ये आधी लाकडी कुंपण आलं, मग काटेरी तारा आणि १९६६ मध्ये ७०० मीटर लांबीची काँक्रीटची भिंत. उंची तीन मीटरहून जास्त. त्यावर टेहळणी मनोरे आणि रात्रभर प्रकाशझोत. अमेरिकन सैनिक गावाला 'लिटल बर्लिन' म्हणू लागले.

आता तुम्ही म्हणाल, सख्खा भाऊ पलीकडे राहत असेल तर? दिसायचा, पण भेटता यायचं नाही. पश्चिमेकडून कुणी हात हलवला तरी पूर्वेकडच्या माणसाला उलट हात हलवायची परवानगी नव्हती. आणि पूर्वेकडच्या घरी बाहेरगावचा पाहुणा यायचा म्हटलं तरी सरकारी परवाना लागायचा.

तरीही १९७३ मध्ये एक जण शिडीच्या मदतीने भिंत ओलांडून पलीकडे पोचला. १९८३ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश सिनिअर ही भिंत बघायला गावात आले होते.

भिंत पडली, पण एका महिन्याने

९ नोव्हेंबर १९८९ ला बर्लिनची भिंत उघडली. मोडलारॉयटला मात्र वाट बघावी लागली. बरोबर एक महिन्याने, ९ डिसेंबरला, भिंतीत पायी जाण्यापुरती वाट उघडली. एका बाजूच्या घरातून समोरच्या घरात सरळ चालत जायला गावाला ३७ वर्षं लागली होती. १७ जून १९९० ला जेसीबीसारखं यंत्र लावून भिंत पाडण्यात आली.

सगळी मात्र पाडली नाही. सुमारे १०० मीटरचा तुकडा आठवण म्हणून ठेवला आणि त्याच वर्षी तिथं संग्रहालयाचं काम सुरू झालं. आज तिथं मूळ भिंत, तारेचं कुंपण आणि टेहळणी मनोरा बघायला मिळतो. या गावावरून सुचलेली 'टानबाख' नावाची मालिका २०१५ मध्ये जर्मन टीव्हीवर आली आणि गावाचं नाव पुन्हा चर्चेत आलं.

गाव आजही दोन राज्यांत

जर्मनी एक झाली, पण मोडलारॉयट कागदोपत्री अजून दोनच आहे. पश्चिमेचा भाग बव्हेरियातल्या ट्योपेनमध्ये मोडतो, पूर्वेचा थुरिंगियातल्या गेफेलमध्ये. पिनकोड वेगळा (९५१८३ आणि ०७९२६), फोनचा कोड वेगळा, गाड्यांच्या नंबरप्लेटही वेगळ्या. नमस्कारसुद्धा वेगळा, बव्हेरियाकडे 'ग्र्युस गॉट' आणि थुरिंगियाकडे 'गुटन टाग'.

म्हणजे सीमा १८१० मध्ये होती, १९६६ मध्ये होती आणि आजही आहे. फरक इतकाच, की आज टानबाख ओलांडायला कुणाची परवानगी लागत नाही. आणि समोरच्याने हात हलवला, तर आपणही हलवायचा.